मागं लिहायचं राहिलं

आमच्या रविवारच्या मंडळाचे किस्से इतके साठलेत, की एक सांगायला घेतला की दुसरा मध्येच तोंड घालतो. मंडळ म्हणजे तीनच माणसं. सांगलीतले निवृत्त ड्रॉइंग मास्तर चौगुले सर, फ्रेमचं दुकान चालवणारे बबनराव आणि मी सुनंदा, शाळेत चित्रकला शिकवणारी.

सरांकडे इटलीतल्या चारशे वर्षांपूर्वीच्या रेखाचित्रांचं एक जाडजूड पुस्तक आहे. त्यातली चित्रं जुन्या कागदावर, जुन्या पद्धतीच्या शाईनं हुबेहूब उतरवायची, हा आमचा उद्योग. कुणाला फसवायला नाही, हात तयार व्हायला. म्हणून सरांचा एक नियम आहे. चित्र पूर्ण झालं की कागद उलटायचा, मागं 'नक्कल' लिहायचं आणि खाली आपलं नाव टाकायचं. त्याशिवाय चहा नाही!

हा नियम मी एकदाच मोडला, आणि मग माझं कशातच लक्ष लागेना. वर्गात खडू हातात घेऊन नुसती उभी राहायचे. पण ते सांगण्याआधी दुसरे किस्से सांगते, म्हणजे जरा धीर येईल.

*

नव्या कागदावर ही शाई नीट बसत नाही. त्यामुळे सर जुन्या विलायती पुस्तकांच्या शेवटची कोरी पानं शोधत हिंडतात. एकदा कवठे महांकाळला ओळखीच्या एका घरी माळ्यावर पुस्तकांचा पेटारा असल्याचं कळलं. सर दिवसभर धुळीत बसले आणि पाच कोरी पानं घेऊन खाली उतरले. घरच्या म्हातारीनं ती उलटसुलट करून पाहिली.

"आवं मास्तर, ह्यात कायच लिवलेलं न्हाई."

"मला कोरंच पायजे होतं," सर म्हणाले.

म्हातारीनं त्यांना पोटभर जेवू घातलं आणि मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, मास्तरांना एकट्याला एसटीत बसवू नको. मुलगा पार सांगलीपर्यंत सोडायला आला!

*

शाई हिरड्याची. हिरडा कुटून लोखंडी कढईत भिजवायचा, त्यात गंजके खिळे टाकायचे, की काही दिवसांत काळंशार पाणी तयार होतं. हिरडा यायचा साताऱ्याकडच्या मेढ्याहून. बबनराव फौजेत होते. त्यांच्या पलटणीतले एक सुभेदार तिकडचे, सांगलीला आले की पिशवी भरून आणायचे.

एकदा बबनरावांचं पोट बिघडलं होतं. सरांच्या ओट्यावर झाकलेली कढई दिसली, हिरड्याचा वास आला. काढाच समजून त्यांनी वाटीभर घेतला. पोटाला काही झालं नाही, पण दुसऱ्या दिवशी पुतणीचं लग्न होतं आणि दात पार काळे! लग्नाच्या सगळ्या व्हिडिओत बबनराव तोंड मिटून उभे आहेत. मुलीचे काका रुसलेत का, म्हणून मुलाकडचे तीनदा विचारून गेले.

*

जुन्या कागदाला कसर लागते, बारीक भोकं पडतात. सरांनी अशी भोकं दाखवल्यावर ती पाडायचं काम माझ्याकडे, असं बबनरावांनी जाहीर केलं. आठवड्यानं कागद आणला. दुकानातल्या ड्रिलनं पाडलेली भोकं, सगळी एका ओळीत, सारख्या अंतरावर.

सरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "बबनराव, कसर परेड करत न्हाई."

*

आता माझं.

पुस्तकातला एक चित्रकार डावरा होता. सावली दाखवायला तो ज्या बारीक रेघा ओढतो, त्या उलट्या तिरक्या पडतात. उजव्या हाताला ते वळण येत नाही. सर थकले, बबनरावांनी तर नादच सोडला. मी जन्माची डावरी, पण लहानपणी घरच्यांनी चापट्या मारून मला उजवं केलेलं. हे सरांना सांगितलं, तेव्हा त्यांनी बोरू माझ्या डाव्या हातात दिला.

समोर पुस्तकातला म्हातारा होता. मी त्याला उतरवायला घेतलं आणि हात भलतीकडेच गेला. डोळे निराळे आले, हनुवटी निराळी आली. त्या चित्रकारानं कधी काढलाच नाही असा म्हातारा कागदावर बसला. मला रडू आलं. इतकी वर्षं मी उसन्या हातानं चित्रं काढत होते, असं वाटलं. त्याच्यामागं 'नक्कल' लिहायला हात धजेना.

"मागं लिहिलंस?" सरांनी विचारलं.

"हो," म्हणाले मी, आणि चहा प्यायले.

*

ते चित्र बबनरावांनी सुभेदारांना भेट दिलं. सुभेदारांचे वडील दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या लढाईत होते, म्हणून इटलीच्या धाटणीचं चित्र. मी गप्प बसले. सुभेदारांनी ते वडिलांच्या लष्करी ट्रंकेत जपून ठेवलं.

सुभेदार गेले. त्यांच्या मुलानं, सुहासनं, साताऱ्याच्या घरी ट्रंक उघडली आणि आनंदानं बबनरावांना फोन केला. आजोबांनी इटलीतून आणलेलं चित्र सापडलं होतं! पुण्याचे एक जाणकार रविवारी तपासायला येणार होते. त्यांनी खरं ठरवलं की चित्र विकायचं आणि मुलीला परदेशी शिकायला पाठवायचं.

"आपलं न्हवं ते," बबनराव ठामपणे म्हणाले. "आपल्या चित्रामागं लिवलेलं असतंय. त्याच्यामागं कोरं हाय."

सरांनीही मान हलवली. सुहास सरळमार्गी माणूस. पुढं कधी बिंग फुटलं असतं, तर लबाड तो ठरला असता. शनिवारी मी सरांच्या दारात उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं.

"उद्या सातारा," सर एवढंच म्हणाले.

*

साताऱ्याला जाणकार भिंग घेऊन बसलेच होते. हे मी काढलंय, मी म्हणाले. सुहासचा चेहरा उतरला. त्याची मुलगी आतल्या दारात उभी होती. जाणकार हसून म्हणाले, हे डाव्या हाताचं काम आहे. ही डावरीच आहे, सर म्हणाले.

बोरू, शाई आणि कवठे महांकाळच्या त्या पाचातलं उरलेलं एक पान मी बरोबर नेलं होतं. तिथंच टेबलावर बसले. तासाभरात तोच म्हातारा पुन्हा काढला. जाणकारांनी दोन्ही कागद खिडकीपाशी नेऊन भिंगातून पाहिले, कितीतरी वेळ.

"बाई, हात फार सुरेख आहे तुमचा," ते म्हणाले. "पण मूळ चित्रातला जिवंतपणा ह्यात नाही."

सुहासनं मोठा श्वास सोडला. जाणकारांनी माझा कागद मला परत दिला. "मागं लिहून ठेवा. उगीच कुणी फसायला नको."

मी कागद उलटला, 'नक्कल' लिहिलं, खाली नाव टाकलं. सुहासची बायको चहा घेऊन आली. सगळ्यांनी कप उचलले. सरांनी उचलला नाही. ते उठले, खिडकीपाशी ठेवलेला ट्रंकेतला कागद त्यांनी आणला आणि कोरी बाजू वर करून माझ्यापुढं ठेवला.

"ह्याचं राहिलंय," सर म्हणाले.

मी बोरू डाव्या हातात घेतला.