आपोआप ठरलेलं वाढप

प्रिन्सिपॉल मागच्या बाकावर येऊन बसले आणि माझ्या हातातला खडू मोडला.

ते माझा तास तपासायला आले होते. त्यांच्या शेऱ्यावर माझी नोकरी कायम होणार की नाही, हे ठरणार होतं. कर्जत तालुक्यातलं कॉलेज, ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तत्त्वज्ञान शिकवायचो. लग्न नुकतंच झालं होतं.

विषय होता अस्तित्ववाद. सोप्या भाषेत सांगायचं तर माणूस निवड करतो आणि तिची जबाबदारी त्याचीच. ‘माझा काय इलाज?’ म्हणून हात झटकणं हीसुद्धा निवडच. हे धरून मी मुलांना भाषणं तपासायला लावायचो. बोलणारा ‘हे असंच असतं’ म्हणाला की थांबायचं आणि विचारायचं, हे ठरवलं कुणी? आज याला क्रिटिकल डिस्कोर्स अ‍ॅनालिसिस म्हणतात. आम्ही चिरफाड म्हणायचो.

त्या दिवशी पाळी पोशीर गावच्या वंदनाची होती. ती उभी राहिली.

“गॅदरिंगच्या मीटिंगमधलं वाक्य हाय, सर. ‘कॉलेज हे कुटुंब आहे, इथं ज्याचं त्याचं काम आपोआप ठरतं.’”

वाक्य प्रिन्सिपॉलांचं होतं. तिला खाली बस म्हणावंसं वाटलं.

“आमी बौद्धांच्या पोरी दरवर्षी उष्ट्या पत्रावळी उचलतो. वाढप बाकीच्यांकडं. हे आपोआप कसं व्हईल, सर? कुणीतरी ठरवतंच ना?”

प्रिन्सिपॉल म्हणाले, “जुनी पद्धत आहे, बाळ. मुद्दाम कुणी ठरवलेलं नाही.” मग माझ्याकडे वळले. “तुमचं काय मत, सर?”

घंटा व्हावी म्हणून मी दाराकडे बघत राहिलो. घंटा काही होईना. गप्प बसलो तर तीही माझीच निवड, हे मीच फळ्यावर लिहून ठेवलं होतं.

“दरवर्षी आपणच ठरवतो, सर,” मी म्हणालो. “यंदा वेगळं ठरवता येईल.”

ते उठून गेले.

मला कायम केलं नाही. प्रोबेशन, म्हणजे उमेदवारी, आणखी वर्षभर वाढली. बायको धड बोलेना. गॅदरिंगच्या दिवशी मात्र वंदना भाताची परात घेऊन पंगतीत शिरली. तिला कुणी नेमलं नव्हतं. ती थेट प्रिन्सिपॉलांच्या पानापुढे थांबली.

“वाढू का, सर?”

सगळी पंगत बघत होती. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग पान पुढे सरकवलं.

“वाढ.”

नव्या प्राध्यापकांना मी एकच सांगतो. हा विषय शिकवायचा असेल, तर तास संपायच्या आत फळा पुसू नका. मला तर पुसायला वेळच मिळाला नाही, म्हणून निभावलं.