तिकडचं पीठ

केकचे क्लास काढते म्हटल्यावर सगळ्यात आधी माझ्या नणंदबाई हसल्या. लंडनहून सुट्टीला आल्या होत्या. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या दोन खोल्यांत केक शिकवायचा हा त्यांना पोरखेळ वाटला. मला मात्र ते क्लास हवेच होते. लग्नानंतर माझं स्वतःचं म्हणावं असं काही उरलं नव्हतं, आणि गल्लीतल्या बायका शिकायला तयार होत्या.

"मग निदान खरा केक तरी शिकव," म्हणून वन्संनी त्यांची कृती सांगितली. तीत सेल्फ रेझिंग फ्लोअर नावाचं पीठ होतं. अलकापुरीत तेव्हा परदेशी डबे ठेवणारी नवी दुकानं निघाली होती. तिथला दुकानदार म्हणाला, "बेन, ए मेंदो ज छे." आणला मैदा. वन्संच्या कृतीत ना सोडा, ना बेकिंग पावडर, म्हणून मीही घातली नाही. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर कुकरचं झाकण उघडलं, तर केक तळाशी चिकटून बसलेला.

शेजारच्या बेन म्हणाल्या, "भाभी, आ केक छे के भाखरी?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. वन्सं म्हणाल्या, "इथल्या मालातच दम नाही. वहिनी, तू आपली पुरणपोळी शिकव."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चपला घालणाऱ्या बायकांना दारात अडवून मी म्हटलं, "उद्या परत यायचं. सगळ्यांनी."

सासूबाईंच्या वाढदिवसाच्या केकसाठी वन्संनी तिकडच्या पिठाचं एक पाकीट आणून राखून ठेवलं होतं. ते मी मागून घेतलं आणि चिमूटभर जिभेवर टाकलं. खारट लागलं, मागून सोड्याची चव. वाटीत थोडं घेऊन वर आंबट दही घातलं, तर खमण ढोकळ्याच्या पिठासारखं फसफसून वर आलं. इतकी वर्षं बडोद्यात खमण करणारीला आणखी काय सांगायला हवं? मैदाच होता तो. बेकिंग पावडर तिकडे दुकानात येण्याआधीच त्यात घातलेली असते, म्हणून कृतीत वेगळं सांगत नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या पाकिटाला मी हातही लावला नाही. मैदा, घरचं लोणी, दळलेली साखर, आंबट दही, खायचा सोडा. अंडं नाहीच, नाहीतर निम्म्या बायका शिवल्या नसत्या. कुकरच्या तळाशी वाळू घातली, शिट्टी काढली, आत भांडं ठेवलं. केक भांड्याच्या काठापर्यंत आला. भाखरी म्हणणाऱ्या बेननी दुसरा तुकडा आपल्याच हाताने कापून घेतला आणि उद्यापासून बहिणीलाही आणू का म्हणून विचारलं.

लंडनला निघताना वन्संनी कृती मागितली. मी लिहून दिली, सगळी आपल्या नावांनी. त्यांनी वाचली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"खायचा सोडा, दळलेली साखर... अगं, तिकडच्या दुकानात ही नावं कोण ओळखणार?"

"शोधा की वन्सं," मी म्हटलं. "तुमचं पीठ मी शोधलंच ना?"