एक दिवसाआड

जोहराची आठवण आली की मला आधी राग येतो, रडू नंतर. हे तिचं खरं नाव नव्हे. मी नांदेडला एचआयव्हीच्या औषधांच्या केंद्रात समुपदेशक आहे आणि ती उमरीहून यायची. तिचा नवरा जिलानी गाद्या भरायचा, ती टाके घालायची.

महिनाभर ताप हटेना म्हणून रक्त तपासलं, तेव्हा तिला कळलं. मी समजावलं, रोज रात्री एक गोळी, फुकट, जन्मभर. खाडा केला नाहीस तर म्हातारी होशील. नवऱ्यालाही तपासावं लागेल म्हटल्यावर ती खाली बघत राहिली. म्हणून मीच जिलानीला फोन केला.

"नाव लिवलं की बोभाटा होतो," तो म्हणाला. "मग माझ्या गादीवर कोन झोपंल?"

हा आजार कापसातून पसरत नाही, नाव बाहेर जात नाही, हे मी त्याला तीनदा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

जोहरा मात्र दर महिन्याला रिकामी बाटली दाखवायची आणि मी शहाणी तिची पाठ थोपटायची. सहा महिन्यांनी तपासलं, तर रक्तातले विषाणू कमी व्हायचे सोडून वाढलेले. मी फैलावर घेतलं, तेव्हा ती बोलली.

"एक दिस मी घेते म्याडम, एक दिस ह्यांना देते. त्यांना बी ताप येऊन राहिला. एकटी जगून काय करू?"

अर्धवट औषधाला विषाणू सरावतो, मग ते औषध लागूच पडत नाही. तिचं औषध बदललं, पण प्रतिकारशक्ती ढासळल्याने जडलेला क्षयरोग तोवर मेंदूपर्यंत पोचला होता. पावसाळा सरता सरता जोहरा गेली. बत्तीस वर्षांची होती.

चाळिसावा झाल्यावर जिलानी आला. पहिल्यांदाच माझ्यासमोर खुर्चीत बसला.

"मयतीला आख्खी गल्ली आली," तो म्हणाला. "समोरच्या कस्तुराबाई रडत रडत म्हनल्या, पोरगी वरीसभर कशाची औषधं खात व्हती ते आमाला समद्यांना ठाव व्हतं. म्याडम, त्याच बाईनं गेल्या दिवाळीला माझ्याकडून दोन गाद्या नेल्या व्हत्या. आजून त्यावरच झोपती."

त्याने बाही वर केली.

"लिवा माझं नाव."

मी लिहिलं. रागानेच. हेच तीन शब्द तो जोहरा असताना म्हणाला असता, तर तिची बाटली तिला पुरली असती.