विंगेतला नानाजी

नानाजीचा आवाज गावात पोरासोरांना ठाऊक होता आणि नाटकात एकालाही नव्हता. ग्रामपंचायतीचा शिपाई म्हणून त्याने जन्मभर दवंडी दिली, आणि मंडईच्या, म्हणजे सुगीनंतरच्या गावजत्रेच्या, नाटकात एकतीस वर्षं विंगेत बसून वाक्यं पुरवली. प्रॉम्प्टर दिसला की नाटक मेलं, असं तो म्हणायचा. पत्रकावर नाव छापायचं कुणी काढलं तर अंगावर धावून जायचा.

सिंदेवाहीजवळच्या त्या गावचं मंडळ हौशी. धान कापून झालं, मंडई भरली की एक फार्स व्हायचाच. आता मंडईला वडशाची धंदेवाईक नाटक कंपनी येते, लायटिंग आणि नाच घेऊन. रात्र तिची. गावच्या मंडळाला दुपारी चारची वेळ, तीही उपकार केल्यासारखी. तरी वामनरावासाठी लोक अजून उन्हात येऊन बसायचे. वामनराव म्हणजे नानाजीचा बालमित्र आणि मंडळाचा विनोदी नट. नुसती टोपी फिरवली तरी मांडव हसायचा.

यंदा तोच वामनराव सख्ख्या नातवाला “तू कोनाचा गा?” विचारायला लागला होता. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, विसरणं वाढतच जाणार. हे माहीत होतं फक्त नानाजीला आणि वामनरावाच्या बायकोला, बायनाबाईला.

“नाटकातलं सारं आठवते त्याईले, भाऊ,” ती म्हणाली. “तेवढं एकच राह्यलं. गावाले समजू देऊ नोका.”

“मी आहो ना विंगेत,” नानाजी म्हणाला. महिनाभर तालमीत तो वामनराव अडायच्या आधीच शब्द पुढे करत राहिला.

फार्स होता दोन बायका एकमेकींपासून लपवणाऱ्या पोस्टमास्तरचा. पहिला अंक झकास झाला. दुसऱ्या अंकात थोरली बायको माहेराहून अचानक टपकते. अंगणवाडीच्या इंदुताई बोचकं घेऊन आत आल्या. वामनरावाने “आली काय माही राणी!” म्हणायचं होतं. तो नुसता बघत राहिला. नानाजीने शब्द दिला. परत दिला. तिसऱ्यांदा तर पहिल्या रांगेला ऐकू जाईल इतक्या जोरात दिला.

वामनरावाने हात जोडले. “बाई, तुमी कोन? मले घरी जाऊ द्या.”

मांडव फुटला. दोन बायकांचा दादला पहिलीलाच ओळखत नाही! शिट्ट्या झाल्या, गमछे उडाले, आणि मागून आरोळी आली, “वन्स मोर!”

आता त्या मुलखात वन्स मोर मोडायचा नसतो. तिथे मेलेला नटसुद्धा उठून पुन्हा मरतो. इंदुताई बिचाऱ्या आत जाऊन परत आल्या. वामनरावाला पुन्हा एक अनोळखी बाई दिसली. तेच जोडलेले हात, आणि आता डोळ्यांत पाणी. लोक म्हणाले, काय नट आहे! पुन्हा वन्स मोर.

नानाजीने वही खाली ठेवली आणि तो सरळ रंगमंचावर चालत गेला. त्याने वामनरावाचा हात धरला. “चाल, वामन.”

“नानाजी! बरं झालं आलास. हे लोक कोन होत गा?”

हसून हसून बाया पदर डोळ्यांना लावत होत्या. नानाजीला वाटलं, दवंडीचा तो आवाज काढावा आणि एकेकाला झोडावं. पण सांगणार काय? जे सांगायचं होतं तेच न सांगायचं कबूल केलं होतं. पडदा पडला.

मागे बायनाबाई नवऱ्याच्या गालावरचा रंग पुसत होती, मान खाली घालून. तेवढ्यात शेजारच्या गावची मंडई भरवणारा पोचू नावाचा गडी खुशीत आत आला. “आठ दिवसांनी आमची मंडई. तुमचंच नाटक पायजे. पन ते बायकोले भुलल्याचं सीन कापू नोका, वामनभाऊ!”

“ठेवू ना!” वामनराव खुलला. “हासले ना लोक?”

“पोट धरधरून!”

“मंग ठेवूच.”

पोचू गेला. वामनराव नानाजीकडे सरकला आणि हळूच म्हणाला, “नानाजी, कोनतं सीन गा?”

एकतीस वर्षांत वामनरावाने मागितलेला शब्द नानाजीला पहिल्यांदाच देता आला नाही.