तारेने बांधलेला पाइप

थोरला भाऊ गेल्यापासून गॅरेज दीर-भावजय मिळून चालवत. इंजिन दिराकडे आणि गाडीच्या पोटाखालचं सगळं वहिनींकडे.

त्या दिवशी शाळेच्या गाडीचा ड्रायव्हर स्टिअरिंगवर बसून घाई करत होता. ब्रेकच्या पाइपाची एक क्लिप तुटली होती. दिराने पाइप तारेने चासीला करकचून बांधला आणि हात झटकले. वहिनी फळीवर आडव्या होऊन गाडीखाली सरकल्या आणि त्यांनी पकडीने ती तारच तोडून टाकली.

"अहो वहिनी, घट्ट बसला होता की!" दीर वैतागला.

"भावजी, इकडे या. पाइपावर बोट ठेवा." मग त्यांनी ड्रायव्हरला इंजिन सुरू करायला सांगितलं.

बोटाखाली पाइप थरथरू लागला.

"हा दिवसभर असाच थरथरणार आणि तार त्याला कुरतडत राहणार. मग एक दिवस पाइप फुटेल आणि ब्रेक दाबला, की पाय नुसताच खाली जाईल."

दिराने पाइपावर पुन्हा बोट टेकवलं. इंजिनचा आवाज ऐकून रोग ओळखणारा तो, पण पाइपाला त्याने कधी असा हात लावून पाहिलं नव्हतं.

वहिनींनी रबराची नवी क्लिप बसवली. डिझेलच्या पाइपाच्या क्लिपाही एकेक करून हलवून पाहिल्या. एक ढिली निघाली, ती आवळली. ड्रायव्हरची कटकट त्यांनी खुशाल कानाआड केली.

गाडी गेली तरी दीर तिथेच घुटमळत होता.

"वहिनी, कालच्या टेम्पोलाही मी तारच बांधलीय."

"मग फोन करा टेम्पोवाल्याला. मी क्लिपा काढून ठेवते."

एवढंच बोलून त्या कपाटाकडे वळल्या. दिराने फोन लावला.