रक्ती न खाणारा पावणा

“माणूस ताटावर कळतो,” असं विठाबाई म्हणायची. गिऱ्हाइकाला म्हणायची, भांडी घासणाऱ्या बाईला म्हणायची आणि ऐकायला कुणीच नसलं तर चुलीवरच्या पातेल्याला म्हणायची.

कळंब्याच्या जेलच्या रस्त्याला तिची खानावळ. तांबडा-पांढरा रस्सा काय, चार पावलांवर कुठंही मिळतो. पण विठाबाईची रक्ती खायला माणसं वाट वाकडी करून येत. बकऱ्याचं रक्त शिजवून, कांद्यात आणि तिच्या हातच्या तिखटात ती असं परतायची की नाकाला आधी कळायचं आणि पोटाला धीर निघायचा नाही. जेलचे शिपाई ड्यूटी सुटली की थेट तिच्या बाकावर. कैद्याला भेटायला आलेले नातेवाईकही तिथंच जेवत, आणि पोरगा आत का गेला असावा हे बापाच्या ताटावरून विठाबाई सांगायची. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं हा गाडा ओढला. नवरा होता तेव्हाही तिनंच ओढला होता.

मुरगूडच्या भावाची, पिराजीची, पोरगी क्रांती तिच्याकडं राहायची. शहरातल्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि सुट्टीच्या दुपारी, खानावळ निवली की, रक्त पिणाऱ्या देखण्या पिशाच्चांच्या प्रेमकादंबऱ्या वाचायची. मोठ्यानं वाच, असा आत्तीचा हुकूम होता. नायक दोनशे वर्षांचा, पडक्या किल्ल्यात राहणारा. नायिका एकोणीस वर्षांची. विठाबाई लसूण सोलत ऐकायची. तो रक्त कच्चंच पितो, हे कळल्यावर तिनं तोंड वाकडं केलं. लसणाचा वास आला की तो पळतो, हे आल्यावर तिचा हातच थांबला.

“लसूण न्हाय? मग दोनशे वर्सं जगला कशाला ह्यो?”

पण गोडी लागली ती लागलीच. पुढं क्रांतीनं त्याच गोष्टीचा सिनेमा मोबाईलवर लावला. नायक विठाबाईला पसंत पडला, उंचापुरा होता. एकच गोष्ट खटकली. कादंबरीत पानोपानी बोलणारी ती पोरगी सिनेमात मुकी झाली होती. तो बघायचा आणि ती बघून घ्यायची.

“हिची जीभ कुटं ठिवून आली गं ही?”

क्रांती म्हणाली, सिनेमात मनातलं ऐकू येत नाही, आत्ती. तेवढ्यावर विषय मिटला.

क्रांतीचं लग्न विठाबाईनंच जुळवलं होतं. यशराज बिद्रीकडचा, एका खतांच्या कंपनीत नोकरीला. बघायला आला तेव्हा त्यानं भाकरी मोडून रश्शात कुस्करली, वाटी बोटानं पुसली आणि स्वयंपाक कुणी केला हे विचारलं. विठाबाईनं तिथंच निकाल दिला. पिराजी म्हणाला, तुझ्या शब्दावर पोरगी देतोय. सुपारी फोडायचा दिवस ठरला, दोन महिन्यांनंतरचा गुरुवार.

आणि मग त्या पोराला काय झालं कोण जाणे. क्रांतीनं हौसेनं त्याला तो सिनेमा बघायला सांगितला होता, एवढंच. पुढच्या खेपेला तो आला तो अंगात काळा शर्ट घालून. कोपऱ्यातल्या बाकावर बसला आणि क्रांतीकडं टक लावून बघत राहिला. विठाबाईनं ताट ठेवलं, तर म्हणाला, मला भूक नाही. खानावळीत येऊन भूक नाही! गिऱ्हाइकांना वाटलं, सरकारी तपासणीवाला असावा. दोघं अर्ध्या ताटावरून उठले. क्रांती मात्र लाजून लाल झाली.

मग तो रोजच येऊ लागला. क्रांती शाळेतून सुटली की फाटकाशी उभा. फोन उचलायला उशीर झाला की दहा प्रश्न. लग्नानंतर नोकरीची दगदग नको, असंही म्हणून झालं. क्रांती हे कौतुकानं सांगायची, किती जीव लावतो म्हणून. विठाबाईला झोप लागेना. ताटावर पसंत केलेला माणूस ताटालाच शिवत नव्हता, आणि शब्द तर तिनं दिलेला होता.

एकदा ती भाजी चिरता चिरता म्हणाली, “बाईच्या हातचं काहीच खाईना असा पुरुष शेवटी काय खातो, क्रांते?”

त्या दिवशी क्रांतीनं कादंबरी उघडलीच नाही.

रविवारी भर दुपारी यशराज आला. क्रांती बुधवारी शाळेच्या पोरींना घेऊन दाजीपूरच्या जंगलात सहलीला जाणार, हे त्याच्या कानावर आलं होतं. भरल्या बाकांपुढं उभा राहून तो छापील आवाजात म्हणाला, “तू जायचं नाहीस. तुला काही झालं, तर मी जगणार नाही.”

घास हातातच राहिले. जेलचे एक हवालदार मात्र जेवत होते. ते मान वर न करता म्हणाले, “पावणं, जगशीला की. समोरच्या हाटेलात रोज दोन प्लेट मिसळ हाणून मग हितं येताय न्हवं?”

बाक हसून हलले. विठाबाईनं पळी खाली ठेवली. उपाशी राहिला असता तर तिनं माफ केलं असतं. पण समोरची मिसळ!

यशराजचा काळा शर्ट एकदम ढिला दिसू लागला. तो हळूच म्हणाला, “मला वाटलं, तुला असंच आवडतंय.”

“आवडतंय की,” क्रांती म्हणाली. “पुस्तकात. तितं तिच्या मनातलं पानभर ऐकू येतंय. तिला पायजे तेच त्यो करतोय, म्हणून गोड लागतंय. माझ्या मनातलं तुमी एकदा तरी इचारलं?”

आता हवालदारांनीही मान वर केली.

“मी सहलीला जाणार. नोकरी बी करणार. आणि गुरुवारी सुपारी फुटणार न्हाय. आल्यावर बघू.”

यशराजनं काळ्या शर्टाच्या बाह्या वर सरकवल्या. मग अगदी बिद्रीच्या आवाजात त्यानं विचारलं, “रक्ती शिल्लक हाय काय?”

“हाय. वाढून घ्या.”

विठाबाई हात धूत होती. गुरुवारी सुपारी नाही, हे मुरगूडला कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि पिराजी फोनवर ऐकणारा माणूस नव्हता. आख्खी भावकी बोलावून झाली होती. “दोन महिन्यांमागं मीच बोललो, आता मीच बोलतो,” ती म्हणाली. पळी तिनं क्रांतीच्या हातात दिली, पदर खोचला, चपला पायात सरकवल्या. भावाला पहिलं वाक्य काय टाकायचं ते ओठातल्या ओठात घोळवत ती उन्हात उतरली आणि मुरगूडच्या एसटीच्या स्टॉपकडं चालू लागली, जरा तिरकी, पण दणक्यात.

दारात क्रांती पळी धरून उभी होती. तिच्या मागं यशराज, हातात रिकामं ताट. हवालदार घास चावता चावता वाकून बघत होते. वळणावरच्या ट्रॅक्टरला हातानंच थांबवून विठाबाई रस्ता ओलांडून गेली.