हंड्यासोबत पुस्तक

वाचनालयात पुस्तकांवर नंबर टाकतात, किश्श्यांवर कोण टाकणार? ते आपले साठत जातात. गारखेड्यातल्या आमच्या वाचनालयात मी देवघेवीच्या टेबलावर बसायचो आणि समोर ग्रंथपाल जोशीबाई. दुष्काळाच्या त्या वर्षांत जेवढे किस्से साठले, तेवढे पुढच्या सगळ्या नोकरीत साठले नाहीत.

*

दारातल्या फळ्यावर जोशीबाई रोज सुविचार लिहायच्या. तो कुणी वाचतं का, याचं मला भारी कुतूहल होतं. पाऊस रुसला तेव्हा त्या सुविचाराखाली जायकवाडीत किती टक्के पाणी उरलं तेही लिहायला लागल्या. फळ्यापुढं गर्दी व्हायला लागली. बाई खूश!

एकदा मी मुद्दाम सुविचार पुसून टाकला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. पण टक्के लिहायचे राहिले, त्या दिवशी एक पेन्शनर आजोबा माझ्यावर असे तापले, जणू धरण मीच रिकामं केलं होतं.

*

शहर तेव्हा चहूकडं पसरत होतं. नव्या कॉलन्या झाल्या, घराघरांत नळ बसले. पाणी तेवढं यायचं राहिलं. आमच्या अंगणातल्या बोअरला मात्र पाणी होतं. मागच्या वस्तीतल्या बायका हंडे घेऊन यायला लागल्या. कमिटीवाले म्हणाले, गेट बंद करा.

जोशीबाई कसल्या ऐकतात! त्यांनी फतवाच काढला: हंडा भरायचा तर सभासद व्हायचं आणि जाताना एक पुस्तक न्यायचं. हंडा आणि पुस्तक, दोन्ही एकत्रच.

आठवड्याभरात आमची सभासदांची कार्डं संपली.

*

मग पुस्तकं परत यायला लागली ती मुखपृष्ठावर ओलं गोल कडं घेऊन. बायका पुस्तकाचं हंड्यावर झाकण करत होत्या! बाईंनी तपासच सुरू केला. डागाचं पुस्तक आलं की त्यातली गोष्ट विचारायच्या.

सगळ्यात मोठा डाग साळवेबाईंच्या पुस्तकावर. साळवेबाई वस्तीत शिवणकाम करायच्या. त्यांनी सगळी गोष्ट सांगितली आणि वर म्हणाल्या, "पण त्या पोरीला शेवटी माहेरी धाडायला नको व्हतं." जोशीबाईंना तो शेवट फार आवडायचा. दोघींची अशी जुंपली की नळाखालचा हंडा भरून वाहायला लागला आणि रांगेतल्या बायकांनी दोघींनाही झापलं.

*

आणि मग महापालिकेचे एक साहेब तपासणीला आले. नव्या रस्त्यासाठी आमची जागा हवी होती. इथं वाचक नाहीत, नुसती पाण्याची रांग आहे, असा रिपोर्ट गेला की वाचनालयाला कुलूप लागणार होतं. नेमका ते येण्याच्या आदल्या दिवशी बोअर आटला. बायका रिकामे हंडे घेऊन परत गेल्या. जोशीबाईंनी त्या दिवशी डबा उघडलाच नाही. खरं सांगतो, मलाही वाटलं, आता कोण येतंय?

सकाळी साहेबांनी कोरडा बोअर पाहिला, रिकामा हॉल पाहिला आणि खिशातून पेन काढलं. म्हणाले, "पाणी संपलं, वाचक संपले. असंच ना, बाई?"

बाईंना खोटं बोलता येत नसे आणि खरं काय ते आम्हालाही ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात गेट वाजलं. पुढं साळवेबाई, मागं अख्खी वस्ती. सगळ्यांच्या डोक्यावर हंडे. साहेब मला म्हणाले, अहो, बोअर आटल्याचं सांगा त्यांना. मी सांगायला पुढं झालो आणि थांबलो. हंडे भरलेले होते. वस्तीत सकाळीच टँकर येऊन गेला होता.

साळवेबाईंनी आपला हंडा सांभाळून देवघेवीच्या टेबलावर ठेवला, शेजारी आधी नेलेलं पुस्तक ठेवलं आणि पदरानं तोंड पुसलं.

"हंड्याबिगर पुस्तक देत नाय ना तुम्ही? टँकरचं हाय, पर काठोकाठ हाय. आता ह्याचा दुसरा भाग द्या."